आईच्या गळ्यातला मोंटो

पुढे कोणी संदिग्धतेचा फायदा घेऊ नये, म्हणून प्रसंग आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद आरंभीच करून ठेवतो. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार: अमेरिकेत, शॉमबर्गमधील आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत माझ्या नातीच्या, इराच्या, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवण्यात आली. त्याच आठवड्यातील गुरुवार: माझे पहिले पत्र. थँक्सगिव्हिंगच्या आदला सोमवार: दुसरे पत्र, पोचपावतीसह. पहिला मोठा बर्फ पडला तो दिवस: तिसरे पत्र, मी स्वतः गाडी चालवत जाऊन अध्यक्षांच्या हाती दिलेले. संक्रांत होऊन गेली, तिळगूळ वाटून झाला, उत्तर नाही. जबाबदार व्यक्ती: मंडळाचे अध्यक्ष श्री. निशांत, ज्यांनी नियमावर सही केली, शाळाप्रमुख सौ. मेघना, ज्यांनी तो सुचवला आणि अमलात आणला. आणि कार्यकारिणीचे ते सर्व सभासद, ज्यांनी सभेत हात वर केले व नंतर पार्किंगमध्ये मला गाठून ‘काका, आम्हाला डिटेल्स माहीत नव्हते’ असे सांगितले. यात आणखी एक नाव जोडतो. नैरोबीतील माझ्या शाळेचे हेडमास्तर, मिस्टर प्रिंगल. ते एव्हाना वारले असतील. त्यांच्यावरचा आरोप मी मागे घेतलेला नाही.

नियम असा. मराठीच्या तासाला ज्या मुलाच्या तोंडून इंग्रजी किंवा ‘अन्य परका’ शब्द निघेल, त्याने ‘आज मी मराठी मोडली’ अशी पाटी गळ्यात घालावी. दुसऱ्या कोणाला असा शब्द उच्चारताना पकडले, की पाटी त्याच्या गळ्यात. तास संपताना ती ज्याच्या गळ्यात राहील, त्याने वर्गापुढे उभे राहून क्षमा मागावी. त्या रविवारी विषय होता ‘आमचे स्वयंपाकघर’. नऊ वर्षांची इरा उभी राहिली आणि म्हणाली, “आजी सकाळी सुफुरियात दूध तापवते.” वर्ग हसला. मेघनाबाईंनी विचारले, “हे काय? स्पॅनिश का?” आणि पाटी इराच्या गळ्यात पडली. आमच्या घरात पातेल्याला सुफुरिया म्हणतात, माझ्या आईच्या वेळेपासून म्हणतात, आणि हा शब्द मराठी नाही, स्वाहिली आहे, हे त्या मुलीला कोणी कधी सांगितले नव्हते. तिला दुसऱ्या कोणाला पकडता आले नाही, किंवा पकडावेसे वाटले नाही. तिने क्षमा मागितली. मी गाडीत वाट पाहत होतो. ती आली, सीटबेल्ट लावला आणि घरापर्यंत काचेबाहेर पाहत राहिली.

मी परत जाऊन मेघनाबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, “काका, प्लीज पर्सनली घेऊ नका ना. जस्ट एक फन अ‍ॅक्टिव्हिटी आहे. आपण थोडं गेमिफाय केलंय, किड्स पण एंजॉय करतात.” हे उत्तर मी जसेच्या तसे उतरवले आहे. ते देताना त्यांच्या गळ्यात पाटी नव्हती. अध्यक्ष निशांत यांनी माझ्या चार पानी पत्राला व्हॉट्सअ‍ॅपवर उंचावलेला अंगठा पाठवला. मी आयुष्यभर एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले आहेत. अंगठा ही पोच असू शकते, ते उत्तर होत नाही. तिसरे पत्र देण्यास गेलो, तेव्हा दारातच ते म्हणाले, “काका, तुम्ही खूपच सीरियसली घेता यार. एका पाटीनं काय होतं?” माझा मुलगाही म्हणतो, “बाबा, जाऊ द्या ना आता.” एका पाटीने काय होते, ते मी पाहिलेले आहे. त्यासाठी मला नैरोबीच्या रेल्वे वसाहतीत परत जावे लागेल.

वडील रेल्वेच्या मालाच्या कचेरीत कारकून होते. दगडी क्वार्टर, पन्हळी पत्र्याचे छप्पर, मागे आंब्याच्या झाडाएवढाच उंच एक अ‍ॅव्होकाडो, आणि दिवसभर शंटिंगचे आवाज. डबे एकमेकांवर आदळले की फडताळातल्या बश्या किणकिणत आणि आई बोलता बोलता थांबून त्या शांत होण्याची वाट पाहत असे. ती साताऱ्याकडची. बोटीतून उतरली तेव्हा तिला मराठीखेरीज एक अक्षर येत नव्हते. बाजारात भाजीवालीशी बोलायचे म्हणून ती स्वाहिली शिकली, वडिलांच्या साहेबांच्या बायका दारावर येत म्हणून थोडे इंग्रजी शिकली, आणि या तिन्हींचे मिळून जे झाले ते ती आयुष्यभर कोणाचीही परवानगी न मागता बोलली. कोळशाची शेगडी म्हणजे जिको. केरसुणी म्हणजे फाग्यो. दिवे गेले की ती म्हणे, “स्टीमा गेली रे, कंदील आण.” स्टीमा म्हणजे वीज. वाफेला इंग्रजीत जो शब्द आहे तो तिकडच्या लोकांनी उचलला, इंजिनावरून तारेवर नेला, आणि विजेला देऊन टाकला; मला तो व्यवहार आजही अत्यंत न्याय्य वाटतो. एकादशीला साबुदाणा मिळत नसे, तेव्हा ती मुहोगो नावाचा तिकडचा कंद किसून खिचडी करी, जिरे आणि दाण्याचे कूट घालून. सुकुमा नावाचा जाड पानांचा पाला तिकडचा गरिबाचा रोजचा घास. त्याची ती ताकातली पातळ भाजी करी. आणि शनिवारी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, तिच्यावर चिंचगुळाची आमटी. असे जेवण जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या घरात झाले असेल असे मला वाटत नाही.

त्या शनिवारच्या जेवणाला ओमोंडी असे. ओमोंडी रेल्वेच्या वर्कशॉपातील फिटरचा मुलगा. आमची शाळा पूर्वी फक्त हिंदुस्थानी लोकांच्या मुलांची होती; ती नुकतीच सर्वांना खुली झाली होती आणि मोजक्या आफ्रिकन मुलांना मोफत प्रवेश मिळाला होता. घरी तो लुओ बोलत असे, गल्लीत स्वाहिली, वर्गात इंग्रजी. तो बोटाने उगालीचा गोळा करी, अंगठ्याने त्यात खड्डा पाडी, खड्ड्यात आमटी भरी आणि आईला म्हणे, “मामा मधू, हिला कॉन्स्टिट्यूशनमध्ये जागा पाहिजे. हिच्याशिवाय देश चालणार नाही.” तिकडे आईला मामा म्हणतात आणि बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मी मधुकर, म्हणून ती मामा मधू. आई विचारी, “काय म्हणतोय हा?” मी सांगे, “आमटी आवडली.” ती म्हणे, “मग तसं सरळ म्हण ना मेल्या,” आणि आणखी वाढी.

ओमोंडीइतके शब्दांवर प्रेम करणारा माणूस मला पुढे भेटला नाही. तो त्यांचा संग्रह करीत नसे, वापरत असे. सायकलच्या चाकावरच्या पत्र्याला, म्हणजे मडगार्डला, तिकडे मादीगादी म्हणत. स्वाहिलीत अनेकवचनाच्या आरंभी ‘मा’ येतो. तेव्हा लोकांनी ठरवून टाकले की दोन असतील तर मादीगादी आणि एकच असेल तर दीगादी. रस्त्यांच्या मधल्या गोल चौकात ‘डावीकडून जा’ अशी इंग्रजी पाटी असे, ‘कीप लेफ्ट’. त्यावरून त्या चौकाचेच नाव किपिलेफ्टी पडले, आणि तिकडे ‘कि’चे अनेकवचन ‘वि’, म्हणून असे अनेक चौक म्हणजे विपिलेफ्टी. “बघ,” ओमोंडी म्हणे, “इंग्रजांनी शब्द बोटीतून आणला. आम्ही त्याला कस्टममध्ये थांबवलं, कपडे बदलायला लावले, मग आत सोडलं.” इंग्रजी क्रियापदाला पुढून स्वाहिली उपसर्ग जोडून ती मुले वाक्येच्या वाक्ये तयार करीत. अमेफेल, म्हणजे तो नापास झाला. अमेपार्क, म्हणजे त्याने गाडी लावली. आज इथे अमेरिकेतल्याच हर्नडनहून, रेडमंडहून येणारी पुण्या-नागपूरची मुले माझ्या दिवाणखान्यात बसून ‘पार्क केली’, ‘कॅन्सल केलं’ म्हणतात, तेव्हा मला हटकून ओमोंडी आठवतो. त्यांनी पुढून जोडले, आम्ही मागून जोडतो. बाकी कारागिरी तीच. त्यावरून कोणाला शिक्षा करायची असेल, तर आरोपींच्या पिंजऱ्यात आधी अध्यक्षांनी उभे राहावे.

शाळेत मात्र मोंटो होता. मिस्टर प्रिंगल यांचा नियम सूचनाफलकावर लावलेला असे: शाळेच्या आवारात इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारी कोणतीही व्यक्ती ही लाकडी चकती गळ्यात घालील आणि दुसरा अपराधी सापडेपर्यंत घालून ठेवील. शेवटच्या घंटेला चकती ज्याच्याकडे असेल त्याने ती कोणाकडून घेतली ते सांगायचे, त्याने त्याच्या आधीच्याचे नाव सांगायचे, आणि अशी साखळी सकाळपर्यंत मागे गेली की सर्वांना छडी. चकतीचे अधिकृत नाव मॉनिटर. मुलांनी तिला मोंटो केले. शब्द मोडल्याची शिक्षा देणाऱ्या वस्तूचे नाव आम्ही पहिल्याच आठवड्यात मोडून ठेवले होते, आणि हेडमास्तरांना ते कधी कळले नाही. परंतु त्या चकतीने आमचे काय केले, तेही लिहिले पाहिजे. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांजवळ उभी राहीनात. ज्याच्याकडे मोंटो असे तो मागून येऊन चिमटा काढी. कारण दुखले की मनुष्य आईच्या भाषेत ओरडतो. मला कितीदा तरी ‘आई गं’ने पकडले आहे.

त्या दिवशी एकादशी होती आणि मी डबा घरी विसरलो होतो. मोंटो सकाळपासून ओमोंडीच्या गळ्यात होता, कारण चिमटे काढण्यास तो नकार देत असे. मधल्या सुट्टीत आई डबा घेऊन फाटकाच्या आत आली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला गरम डबा. तिला समोर ओमोंडी दिसला.

“ओमोंडी, मधू वापी? कुठाय तो? हा चाकुला त्याला दे. हॉट आहे हं, पोले पोले ने.”

एका दमात तीन भाषा; चाकुला म्हणजे जेवण, पोले पोले म्हणजे हळूहळू. आजूबाजूची मुले वळून पाहू लागली. मी व्हरांड्यातून धावत येत होतो, तोवर ओमोंडीने डबा खाली ठेवला, गळ्यातील चकती काढली, कमरेत वाकून अदबीने ती आईच्या गळ्यात घातली आणि मागे सरून टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या. आई लाजली. तिला वाटले, पोरांनी तिचा सत्कार केला. शनिवारच्या आमटीबद्दल शाळेने बिल्ला दिला.

“आसांते साना, बाळांनो,” तिने आभार मानले. पदर सारखा केला, आणि मोंटो गळ्यात घालून फाटकाबाहेर पडली. रेल्वेच्या रुळांवरून, बाजारातून, क्वार्टरपर्यंत.

मी ओमोंडीचा हात धरला. “हे काय केलंस? ती माझी आई आहे!”

“म्हणून तर,” तो म्हणाला. “फलक वाच. ‘कोणतीही व्यक्ती’ लिहिलंय. मामा मधूला कोणी छडी मारणार नाही. मोंटो तिच्याकडे सेफ आहे. आज कोणालाच मार नाही, मधू. बोल, काय बोलायचं ते बोल!”

त्या दुपारी आमच्या शाळेच्या आवारात जे बोलणे झाले, तसे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. गुजराती, पंजाबी, किकुयू, लुओ, कोंकणी, आणि या सर्वांतून ओवलेली इंग्रजी. मुले नुसती ओरडत नव्हती, एकमेकांना शब्द विचारत होती. ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ तास दीड तास आम्ही मुक्त नागरिक होतो. कायदा नीट वाचला तर त्यात माणसाला उभे राहण्याइतकी जागा सापडते, हे मी तिथे शिकलो, आणि एका मुलाकडून शिकलो.

शेवटच्या घंटेला प्रिंगल यांनी विचारले, मॉनिटर कोणाकडे आहे. ओमोंडी उभा राहिला. “मधूच्या आईकडे, सर. त्या आवारात मराठी आणि स्वाहिली बोलल्या. मी नियम पाळला, सर.” कोणीतरी हसले. प्रिंगल यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ओमोंडीला फलकाकडे पाहूही दिले नाही. सकाळपासून कोणकोण बोलले त्यांची नावे सांग, म्हणाले. ओमोंडी म्हणाला, “मला कोणाचं ऐकू आलं नाही, सर.” दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पटावरून कमी झाले. कारण: उद्धटपणा. मोफत जागा होती. तिला अपील नव्हते.

आईला मीच सांगितले तो बिल्ला काय होता. शेजारच्या कांताबेनला तो नुकताच दाखवून झाला होता. तिने तो गळ्यातून काढला आणि उलटसुलट पाहिला. वडील घाबरले. “उद्याच्या उद्या परत कर. रेल्वेची नोकरी आहे आपली.” आईने चकती चिंचेने घासून धुतली आणि दुधाच्या सुफुरियावर झाकण म्हणून ठेवली. चपखल बसली. पुढे शाळेचा शिपाई मागायला आला, तेव्हा ती दारातच म्हणाली, “साहेबाला सांग, स्वतः ये. कारिबू, स्वागत आहे. चहा करते. पण मी माझ्या बोलीत बोलणार. आवडलं नाही तर पुन्हा घाल म्हणावं माझ्या गळ्यात.” शिपायाने हे हेडमास्तरांना कोणत्या भाषेत सांगितले, ठाऊक नाही. ते आले नाहीत.

मी पत्र लिहिले. आयुष्यातील पहिले. मान्यवर महोदय, नियमात ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द आहेत की नाहीत? असल्यास ओमोंडीने नियम मोडला की पाळला? पाळला असल्यास शिक्षा कशाची? वडिलांनी ते पाहिले असते तर फाडले असते; तिकीट आईने दिले. उत्तर आले नाही. त्यानंतर मी दोन खंडांत किती पत्रे लिहिली असतील याचा हिशेब माझी पत्नी ठेवते आणि पाहुण्यांना सांगते. परंतु त्या प्रत्येक पत्रामागे ते पहिले अनुत्तरित पत्र आहे, हे तिलाही मी आजवर सांगितले नव्हते.

ओमोंडी एका गॅरेजमध्ये लागला. मी भेटायला गेलो तेव्हा तो मोटारीखाली आडवा होता, फक्त पाय बाहेर. मी त्याला हसवावे म्हणून विचारले, “दीगादी की मादीगादी?” तो बाहेर आला, हात पुसले, आणि स्वच्छ, कोरड्या, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाला की हे मडगार्ड नाही, बंपर आहे. त्यानंतर पूर्ण वेळ तो तसेच बोलला. एक शब्द वाकवला नाही. ज्याला शाळेने इंग्रजीसाठी हाकलले, तो आता इंग्रजीखेरीज काही बोलायला तयार नव्हता. निघताना मात्र फाटकापाशी आला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “नितकुमिस, मधू.” नि म्हणजे मी, त म्हणजे पुढे कधीतरी, कु म्हणजे तुला, आणि उरलेला मिस इंग्रजांचा. तुझी आठवण येईल. त्याने इकडेतिकडे पाहिले, हे मी विसरू शकत नाही. स्वतःच्या मित्राला स्वतःचा शब्द देताना त्याने कोणी ऐकत तर नाही ना, हे आधी पाहिले. काही महिन्यांत त्यांचे कुटुंब किसुमूला गेले, पुढे आम्ही अमेरिकेत आलो. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

आता शॉमबर्ग. इरा दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येते. दसऱ्यापर्यंत ती दारातूनच ओरडत असे, “आजोबा, मी तुम्हाला मिस केलं!” मंडळाच्या नियमाप्रमाणे या वाक्याला एक पाटी. माझ्या हिशेबाने ते ओमोंडीचेच वाक्य होते, वेगळ्या शिवणीचे. त्या रविवारनंतर ती येते, बूट काढते, आणि म्हणते, “हाय आजोबा, आय मिस्ड यू.” अख्खे इंग्रजीत. त्यात चूक होण्याची भीती नाही. दूध हवे असले की ओट्याकडे बोट दाखवते. परवा मी मुद्दाम विचारले, “कशात आहे दूध?” तिने दाराकडे एकदा पाहिले, जणू तिथे कोणी उभे असेल, आणि खांदे उडवले. श्री. निशांत, सौ. मेघना, एका पाटीने हे होते. जे मूल सरमिसळ मराठी बोलत होते, ते आता मराठी बोलतच नाही. तुमच्या शाळेचा हेतू काय होता, याची मला कल्पना आहे. निकाल माझ्या स्वयंपाकघरात बसून दूध पितो आहे.

माझी मागणी. येत्या पाडव्याच्या कार्यक्रमात, नाटुकल्याच्या आधी, व्यासपीठावरून, माइकवर, अध्यक्षांनी आणि शाळाप्रमुखांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: माझ्या नातीने नेमके काय मोडले? व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ नये. मला पार्किंगमध्ये गाठून देऊ नये. उत्तरात इंग्रजी शब्द आले तर खुशाल येऊ द्यावेत. मी ते मोजणार नाही आणि सभागृहात कोणाला मोजू देणार नाही. आईचा मोंटो आजही आमच्या दुधाच्या सुफुरियावर असतो. तो त्या दिवशी तिथेच राहील, मी तो कोणाच्या गळ्यात घालण्यासाठी आणणार नाही. इराला मात्र आणणार आहे. ती पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसेल. उत्तर माझ्याकडे पाहून देऊ नका. तिच्याकडे पाहून द्या.